मध्ययुगीन मराठी वाङ्मयाच्या संशोधनाची पूर्वतयारी : संदर्भग्रंथ आणि दक्षिण कोकण

१. प्रास्ताविक

मध्ययुगीन मराठी वाङ्मयावर संशोधन करू इच्छिणारा विद्यार्थी विषय निश्चित झाला की बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो मूळ संहिता हाती घेऊन पहिल्या ओवीपासून टिपणे काढू लागतो, नाही तर त्या कवीवर अलीकडे लिहिलेले एखादे पुस्तक मिळवून त्याच्या आधारे 'कवीचे जीवन आणि काळ' हे पहिले प्रकरण लिहून टाकतो. पहिल्या मार्गाने जाणाऱ्यास संहितेतील शब्द, व्यक्ती, स्थळे आणि संप्रदाय यांचे संदर्भ लागत नाहीत. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याच्या प्रबंधात दुसऱ्याच्या चुका त्याच्या नावावर जमा होतात. या दोन मार्गांच्या आधीचा एक टप्पा आहे. कोश, सूची, गॅझेटियर, जंत्री यांसारखे संदर्भग्रंथ क्रमाने आणि चिकित्सक दृष्टीने वाचण्याचा हा टप्पा होय. तो ओलांडल्याशिवाय संशोधनाचा प्रश्नच नीट मांडता येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन अमूर्त राहू नये म्हणून दक्षिण कोकणाचा, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा आणि विशेषतः मालवण ते बांदा या टापूचा आधार येथे घेतला आहे. या टापूची निवड करण्यास कारण आहे. हा प्रदेश मध्ययुगाच्या उत्तरार्धात विजापूर, मराठे, वाडीचे सावंत, कोल्हापूरकर, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा अनेक सत्तांच्या सीमेवर राहिला. त्यामुळे त्याविषयीची माहिती संदर्भग्रंथांत विखुरलेली आहे. जो अभ्यासक येथील कवीचा शोध नीट घेऊ शकेल, त्याला महाराष्ट्राच्या अन्य कोणत्याही भागातील कवीचा शोध घेणे जड जाणार नाही.

२. 'मध्ययुग' म्हणजे कोणता काळ?

संदर्भग्रंथ उघडण्यापूर्वी त्याच्या मुखपृष्ठावरील कालमर्यादा वाचावी. युरोपच्या इतिहासात मध्ययुग हे स्थूलमानाने इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत मानले जाते आणि त्यानंतर प्रबोधनकाळ सुरू होतो. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या 'भारतवर्षीय मध्ययुगीन चरित्रकोशा'ची (१९३७) मर्यादा मात्र इ. स. पूर्व ३२१ पासून इ. स. १८१८ पर्यंत आहे. म्हणजे चंद्रगुप्त मौर्यापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतचा एकवीस शतकांचा काळ एका संज्ञेखाली येतो. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार बाराव्या-तेराव्या शतकांपासून १८१८ पर्यंतच्या वाङ्मयाला कधी 'प्राचीन' म्हणतात, कधी 'मध्ययुगीन'. यांपैकी कोणतीही मर्यादा चूक नाही, पण आपण कोणती मर्यादा स्वीकारली आहे हे अभ्यासकाने प्रारंभीच नोंदविले पाहिजे.

संज्ञेचा हा घोळ किती महत्त्वाचा ठरतो, हे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या उदाहरणावरून दिसते. सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले आणि १६१९ मध्ये ते निवर्तले. १६१६ हेच शेक्सपिअरच्या मृत्यूचे वर्ष. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला स्टीफन्स हे प्रबोधनकाळातील इंग्रज वाटतात, तर मराठीच्या अभ्यासकाला ते मध्ययुगीन ओवीकार वाटतात. त्यांची माहिती 'डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी'त मिळते आणि मराठी चरित्रकोशांतही मिळते, पण दोन्ही ठिकाणी एकाच माणसाची निरनिराळी बाजू दिसते. इंग्रजी कोशात त्यांनी आपल्या वडिलांना पाठविलेल्या आणि हॅक्लूटने छापलेल्या पत्राला महत्त्व आहे, मराठी कोशात त्यांच्या ओवीला. दोन्ही नोंदी एकत्र वाचल्याखेरीज, युरोपीय प्रबोधनाच्या शिक्षणातून आलेला माणूस मराठी पुराणरचनेचा साचा का स्वीकारतो, हा प्रश्न सुचत नाही. संदर्भग्रंथांचे वाचन माहिती तर देतेच, पण कित्येकदा प्रश्नही देते, तो असा.

'डिक्शनरी ऑफ द मिडल एजेस' (१३ खंड, १९८२-८९) किंवा 'एन्सायक्लोपीडिया ऑफ द रेनेसाँ' (६ खंड, १९९९) यांसारखे ग्रंथ युरोपीय विद्यार्थ्याला हे काळाचे विभाजन आयते देतात. मराठीच्या विद्यार्थ्याला ते स्वतः करावे लागते.

३. नकाशा आणि नावे

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे कितीतरी विद्यार्थी जुन्या कोशांत 'सिंधुदुर्ग' शोधतात आणि त्यांना फक्त किल्ल्याची नोंद सापडते. या प्रदेशाची माहिती हवी असेल तर १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांवरील दहावा खंड पाहावा लागतो. त्यानंतर १९६२ चे सुधारित रत्नागिरी जिल्हा गॅझेटियर पाहावे. सावंतवाडी हे संस्थान १९४८ पर्यंत वेगळे होते, म्हणून तेथील माहिती 'रत्नागिरी' या शीर्षकाखाली मिळणार नाही. मालवण व सिंधुदुर्ग किल्ला १८१२ पर्यंत कोल्हापूरकरांकडे होता, तेव्हा त्याआधीच्या काळासाठी कोल्हापूरच्या इतिहासाचीही साधने धुंडाळावी लागतात. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल सावंतांकडून पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यापूर्वीच्या काळात आजची गोव्याची सीमा गृहीत धरणे हा कालविपर्यास होय.

नावांचे रूपही सत्तेगणिक बदलते. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेतला तेव्हा त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. या नावाखाली शोध न घेणाऱ्याला त्या काळातील इंग्रजी कागद गवसणार नाहीत. पोर्तुगीज कागदांत वाडीचे सावंत हे 'भोसले' या नावाच्या अपभ्रष्ट रूपाने, 'बोंसुलो' म्हणून येतात. वेंगुर्ल्यास १६३७ पासून डचांची वखार होती, म्हणून त्या गावाचे उल्लेख डच उच्चारानुसार लिहिलेले सापडतात. अशा वेळी अभ्यासकाने पहिल्याच दिवशी एक स्वतंत्र पान घेऊन त्यावर आपल्या विषयातील प्रत्येक व्यक्तीची व स्थळाची सर्व ज्ञात नामरूपे लिहून ठेवावीत. हे पान पुढे वर्षभर वाढत जाते आणि त्याच्या आधारेच सूचींचा उपयोग करता येतो. 'ख्रिस्तपुराण' आणि 'क्रिस्तपुराण', 'स्टीफन्स' आणि 'स्टीवन्स' अशी रूपे एकत्र नसतील तर निम्मी माहिती निसटते.

४. एका कवीचा शोध : सोहिरोबानाथ आंबिये

पद्धतीचे उदाहरण म्हणून बांद्याचे कवी सोहिरोबानाथ आंबिये यांचा विचार करू. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने त्यांच्या काव्यातील नाथसंप्रदायाचा वारसा हा विषय घेतला आहे. त्याने कोणत्या क्रमाने जावे?

पहिली पायरी चरित्रकोश आणि वाङ्मयकोश यांची. चित्रावांचा मध्ययुगीन चरित्रकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाचा गं. दे. खानोलकर संपादित मराठी ग्रंथकारांवरील वाङ्मयकोशाचा खंड (१९७७) आणि 'संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशा'चा आरंभापासून १९२० पर्यंतचा खंड (१९९८) हे या पायरीचे ग्रंथ. नोंद 'सोहिरोबा' खाली न मिळाल्यास 'आंबिये' खाली पाहावी. मूळ आडनाव संझगिरी असे चरित्रांत येते, म्हणून तेही ध्यानात ठेवावे. प्रचलित चरित्राचा गोषवारा असा : जन्म बांदे येथे १७१४ मध्ये, सावंतवाडी संस्थानात कुलकर्णाची वृत्ती, गहिनीनाथांचा अनुग्रह, पुढे वैराग्य, १७७४ च्या सुमारास उत्तरेकडे प्रयाण आणि १७९२ मध्ये उज्जैन येथे अखेर. 'सिद्धांतसंहिता', 'अद्वयानंद', 'पूर्णाक्षरी', 'अक्षयबोध', 'महदनुभवेश्वरी' ही ग्रंथनामे येथेच हाती येतात.

दुसरी पायरी ज्ञानकोशांची. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' (२३ विभाग, पैकी पहिले पाच प्रस्तावनेचे), महादेवशास्त्री जोशी यांचा 'भारतीय संस्कृतिकोश' (१० खंड) आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला 'मराठी विश्वकोश' येथे उपयोगी पडतात. या पायरीवर कवीचे नाव बाजूला ठेवून त्याच्या भोवतालच्या नोंदी वाचाव्यात : नाथसंप्रदाय, गहिनीनाथ, सावंतवाडी, कुलकर्णी, उज्जैन, महादजी शिंदे.

या पायरीचे फळ लगेच मिळते. 'गहिनीनाथ' ही नोंद वाचली की ते निवृत्तिनाथांचे गुरू, म्हणजे तेराव्या शतकातील, हे समजते. अठराव्या शतकातील कवीला त्यांचा अनुग्रह कसा झाला? चरित्रकोशातील एक ओळ विश्वकोशातील दुसऱ्या ओळीशेजारी ठेवताच, ती ओळ साध्या चरित्रविषयक माहितीची नसून सांप्रदायिक श्रद्धेची नोंद आहे हे ध्यानात येते. 'कवीला कोणाचा अनुग्रह झाला' हा प्रश्न मागे पडून 'अठराव्या शतकातील दक्षिण कोकणातल्या कवीला आपली परंपरा थेट गहिनीनाथांशी जोडण्याची गरज का वाटली, आणि ही जोडणी त्याने स्वतः केली की त्याच्या चरित्रकारांनी' हा प्रश्न पुढे येतो. प्रबंधाचा खरा विषय हा आहे. मूळ संहितेकडे विद्यार्थी आता जाईल तो हा प्रश्न घेऊन जाईल.

तिसरी पायरी वाङ्मयेतिहासांची. वि. ल. भावे यांचे 'महाराष्ट्र सारस्वत' शं. गो. तुळपुळे यांच्या पुरवणीसह वाचावे. मूळ ग्रंथ व पुरवणी यांत मतभेद असेल तेथे दोन्ही टिपावेत. या पायरीवर मालवणशी जन्माने संबंध असलेल्या एका ग्रंथकाराचे ऋण मान्य केले पाहिजे. जगन्नाथ रघुनाथ आजगावकर (१८७९-१९५५) यांनी 'महाराष्ट्र कविचरित्र' या मालेत अनेक अल्पख्यात कवींची चरित्रे गोळा केली आणि 'महाराष्ट्र संत-कवयित्री'त (१९३९) स्त्रियांची. जनार्दन रामचंद्रजी यांच्या 'कविचरित्रा'पासून (१८६०) सुरू झालेल्या परंपरेत आजगावकरांचे स्थान मोठे आहे. पुढील बऱ्याच कोशनोंदींचा उगम अशा चरित्रमालांत असतो, हे विसरू नये.

५. शब्दांचा शोध

मध्ययुगीन संहितेतील शब्द आजच्या अर्थाने वाचणे हा सर्वांत सहज घडणारा प्रमाद. तो टाळण्यासाठी चार कोश हाताशी असावेत. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (७ विभाग, १९३२-३८, आणि १९५० ची पुरवणी) शब्दाचा अर्थ जुन्या ग्रंथांतील अवतरणांसह मिळतो. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बोलीचा साक्षीदार आहे. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) यादवकालीन व महानुभावीय संहितांसाठी अपरिहार्य आहे. माधवराव पटवर्धन यांचा 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) दरबारी आणि महसुली शब्दांसाठी लागतो. कुलकर्णाची वृत्ती करणाऱ्या कवीच्या रचनेत दप्तरातील शब्द रूपकांत शिरले असतील, तर हा शेवटचा कोश नसताना ते कळणार नाहीत.

दक्षिण कोकणाच्या अभ्यासकाने 'महाराष्ट्र शब्दकोशा'तील प्रादेशिक खुणांकडे विशेष लक्ष द्यावे. शब्दापुढे 'कुडाळी', 'गोमंतकी', 'राजापुरी' अशा अर्थाचे संक्षेप असतात. संक्षेपांची यादी न वाचता कोश वापरणारा विद्यार्थी ही माहिती गमावतो. एकच शब्द कुडाळी आणि गोमंतकी या दोन्ही खुणांनी आला असेल, तर राजकीय सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच बोलव्यवहार चालत होता याचा तो पुरावा ठरू शकतो. मात्र कोशात खूण नाही म्हणून तो शब्द त्या प्रदेशात नव्हता, असे अनुमान काढता येत नाही. शब्द गोळा करणारा माणूस त्या गावी पोचलाच नसेल, ही शक्यता नेहमी असते.

६. काळाचा शोध

मराठी साधनांत काळ शकात असतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र शकवर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून १ जानेवारीनंतरच्या, म्हणजे पौषाच्या उत्तरभागापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात, हे विसरले जाते. शिवाजी महाराजांची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही जन्मतिथी १६२९ मध्ये येत नसून १९ फेब्रुवारी १६३० रोजी येते, ती याच कारणाने.

यापुढची अडचण युरोपीय पंचांगांची आहे आणि मालवणच्या किनाऱ्यावर ती टाळताच येत नाही. पोर्तुगालने १५८२ मध्ये ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले, इंग्लंडने ते १७५२ मध्ये स्वीकारले. मधल्या काळात सतराव्या शतकात दहा दिवसांचा आणि १७०० पासून अकरा दिवसांचा फरक पडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीची तिथी मार्गशीर्ष वद्य २, शके १५८६ अशी दिली जाते आणि तिची तारीख २५ नोव्हेंबर १६६४ अशी छापली जाते. ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. त्याच दिवशी पणजीजवळ बसून लिहिणाऱ्या पोर्तुगीज कारकुनाच्या कागदावर ५ डिसेंबर ही तारीख पडली असती. हे ठाऊक नसलेला अभ्यासक इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांतील एकाच घटनेला दोन घटना समजेल, किंवा घटनांचा क्रम उलटा लावील. त्यातच इंग्रजांचे वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला बदलत असे. जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या लुटीचे वृत्त तत्कालीन इंग्रजी कागदांत १६६३ या वर्षाखाली येते, ते यामुळे.

अशा कामासाठी जंत्र्या आहेत. शिवकालासाठी ग. स. खरे यांची जंत्री, त्यानंतरच्या काळासाठी बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री आणि इ. स. ७०० ते १७९९ या दीर्घ काळासाठी स्वामीकण्णू पिल्लै यांची 'इंडियन एफेमेरिस' (१९२२) ही साधने प्रत्येक मराठी विभागात असावयास हवीत. कोशातील तारीख जशीच्या तशी उतरवून घेण्यापूर्वी ती तिथीशी ताडून पाहण्यास काही मिनिटे पुरतात.

पुन्हा सोहिरोबानाथांकडे वळू. १७१४ आणि १७९२ या दोन वर्षांतील अंतर ७८ आहे. शक आणि इसवी सन यांतील अंतरही ७८ च आहे. १७१४ हा आकडा शकाचा समजला तर त्याचा इसवी सन १७९२ येतो, म्हणजे कवीच्या निधनाचेच वर्ष. हा निव्वळ योगायोग असू शकतो, माणसे अठ्ठ्याहत्तर वर्षे जगतात. परंतु ज्या कवीच्या जन्मवर्षाचा इसवी सन आणि मृत्युवर्षाचा शक हे एकाच आकड्याने लिहिले जातात, त्याच्या बाबतीत एखाद्या टिपणकाराने शक आणि सन यांची गल्लत केली असण्याची शक्यता तपासणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. जन्मवर्षाला मृत्युवर्षाहून स्वतंत्र असा आधार आहे काय? तो आधार कोणत्या कागदात किंवा कोणत्या पोथीच्या समाप्तीलेखात आहे? हे प्रश्न कोणत्याही कोशात लिहिलेले नसतात. कोश काळजीपूर्वक वाचणाऱ्यालाच ते दिसतात.

७. साक्षीदार किती?

संदर्भग्रंथांच्या वापरातील सर्वांत मोठा धोका संख्येचा आहे. एखादी माहिती पाच कोशांत सारखीच आढळली की विद्यार्थी ती सिद्ध झाली असे मानतो. प्रत्यक्षात दुसऱ्या कोशकाराने पहिल्याकडून, तिसऱ्याने दुसऱ्याकडून ती घेतलेली असते. अशा पाच नोंदींचा साक्षीदार एकच. संतचरित्रांतील पुष्कळ माहिती शेवटी महिपतीच्या 'भक्तविजया'पर्यंत (१७६२) जाऊन पोचते. महिपतीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण तेराव्या-चौदाव्या शतकातील घटनेसाठी अठराव्या शतकातील भक्ताचे कथन आणि समकालीन शिलालेख यांत भेद केला पाहिजे. शिलालेखांसाठी तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) हा ग्रंथ जवळ ठेवावा.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या विधानाची वंशावळ काढण्याची सवय लावून घ्यावी. सर्वांत अलीकडच्या कोशापासून सुरुवात करून, नोंदीखालील संदर्भाच्या आधारे मागे मागे जावे. जेथे मागचा आधार संपतो तेथे मूळ साक्षीदार उभा असतो, किंवा कोणीच नसते. दुसऱ्या प्रकारचा निष्कर्षही संशोधनच आहे.

कोशाचे वयही पाहावे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे काम १९२० च्या दशकात झाले, तर ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' १९३६ पासून प्रसिद्ध केले. तेव्हा महानुभाव पंथाविषयी ज्ञानकोशातील लेखन मुख्य संहिता छापली जाण्यापूर्वीचे आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये निघाला. म्हणजे एकाच विश्वकोशात वर्णमालेच्या आरंभीची नोंद अखेरच्या नोंदीपेक्षा सुमारे चार दशकांनी जुनी असू शकते. आरंभीच्या खंडांत मालवणकडील गावे रत्नागिरी जिल्ह्यात दिसतात, ती यामुळेच. कोशाला एकच प्रकाशनवर्ष देऊन मोकळे होणे बरोबर नाही, खंडाचे वर्ष दिले पाहिजे.

जुन्या कोशाला कालबाह्य म्हणून टाकून देणेही तितकेच चूक आहे. पुढे गहाळ झालेल्या पोथ्या आणि विरून गेलेल्या स्थानिक आठवणी १८८० च्या गॅझेटियरला किंवा आजगावकरांना उपलब्ध होत्या. त्यांचे निष्कर्ष जुने झाले असतील, त्यांनी नोंदविलेली साधने जुनी होत नाहीत.

८. सूची, दप्तरे आणि आजची साधने

कोशांनंतर सूची. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे दोन भाग (१८००-१९३७ आणि १९३८-१९५०) पाहिले की मध्ययुगीन कवीच्या संहिता केव्हा, कोठे आणि कोणी छापल्या हे समजते. संहितेची निवड यावरच अवलंबून असते. 'ख्रिस्तपुराणा'चेच पाहा : १६१६, १६४९ आणि १६५४ च्या मुद्रणांची प्रत उपलब्ध नाही. सालढाणा यांची १९०७ ची रोमन लिपीतील आवृत्ती आणि शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती यांच्यातील फरक न पाहता त्यातील भाषेविषयी बोलणे धाडसाचे होईल.

हस्तलिखितांसाठी मराठी संशोधन मंडळ (मुंबई), भारत इतिहास संशोधक मंडळ (पुणे), धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर आणि राजवाडे संशोधन मंडळ यांचे संग्रह व सूची पाहाव्यात. दक्षिण कोकणासाठी पणजीच्या पुराभिलेखागाराला पर्याय नाही. पांडुरंग पिसुर्लेंकर यांनी १९५५ मध्ये पोर्तुगीज दप्तरांचा जो मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला तो आणि त्यांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' (१९६७) हे पुस्तक वाचूनच तेथे जावे. पूर्वतयारीवाचून दप्तरखान्यात गेलेला विद्यार्थी चार दिवस रुमालांकडे पाहून परत येतो.

आज मराठी विश्वकोश आणि मोल्सवर्थ, दाते-कर्वे, तुळपुळे-फेल्डहाउस हे कोश संगणकावर पाहता येतात. मालवण, कुडाळ किंवा सावंतवाडी येथे राहून शोधकार्य करणाऱ्याची मुंबई-पुण्याची पुष्कळ खेपांतून सुटका झाली, ही मोठीच सोय आहे. तथापि संगणकाला जे अक्षर द्यावे तेच तो शोधतो. 'फोर्ट ऑगस्टस' हे नाव ज्याला ठाऊक नाही त्याला संगणकही ते सांगणार नाही. शिवाय पाने उलटताना शेजारच्या नोंदीवर नजर पडून होणारा लाभ तेथे होत नाही. म्हणून संगणकावरील शोधासोबत सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर किंवा वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय यांसारख्या जुन्या ग्रंथालयांत बसून खंड प्रत्यक्ष चाळण्याचा परिपाठ ठेवावा.

टिपणांविषयी एकच सूचना. प्रत्येक टिपणावर कोशाचे नाव, खंड, वर्ष, नोंदीचे शीर्षक, नोंदलेखकाचे नाव असल्यास ते, आणि त्या नोंदीने दिलेला आधार या गोष्टी लिहाव्यात. त्याखाली 'निश्चित', 'परंपरागत' किंवा 'शंकास्पद' असा शेरा मारावा. सोहिरोबानाथांच्या बाबतीत बांद्याशी असलेला संबंध पहिल्या शेऱ्याखाली, गहिनीनाथांचा अनुग्रह दुसऱ्या आणि जन्मवर्ष, पडताळा होईपर्यंत, तिसऱ्या शेऱ्याखाली जाईल. तीन-चार आठवड्यांत अशी शंभर टिपणे जमली की संशोधनाचा आराखडा त्यांतूनच तयार होतो.

९. समारोप

कोशरचना ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेला 'राजव्यवहारकोश' आणि चक्रधरांच्या संचाराची स्थळे नोंदविणारी महानुभावांची 'स्थानपोथी' हे मध्ययुगातीलच संदर्भग्रंथ आहेत. माहिती विस्कळीत झाली तर ती हरवेल, या जाणिवेतून ते निर्माण झाले. दक्षिण कोकणाच्या वाङ्मयाबाबत ही जाणीव आजही लागू आहे. हा प्रदेश चार सत्तांच्या कागदांत आणि तीन बोलींच्या खुणांत विभागला गेल्यामुळे कोणत्याही एका संदर्भग्रंथात तो पुरता आलेला नाही. त्याचे तुकडे जुळविण्याचे काम येथील अभ्यासकाखेरीज कोणी करील असे वाटत नाही.

अध्यापकांनी पदव्युत्तर वर्गात एक लहानसा उपक्रम जरूर करावा. आपल्या तालुक्यातील एक मध्ययुगीन कवी निवडावा, त्याच्या पाच कोशनोंदी विद्यार्थ्यांकडून समोरासमोर ठेवून वाचून घ्याव्यात आणि नोंदी जेथे परस्परांशी जुळत नाहीत, किंवा संशय यावा इतक्या जुळतात, त्या जागांची यादी करावयास सांगावी. त्या यादीतील प्रत्येक ओळ एका प्रबंधाचा विषय होऊ शकते.